रंगशिळेवरची बाई

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्यावर बेतलेली आहे.

विश्वास ठेवा, असा आग्रह नाही. पण त्या दिवशी आम्ही चौघे होतो आणि त्यातले तिघे आजही हयात आहेत. त्यातल्या दोघांना वेगवेगळं बसवून विचारलंत तर उत्तर एकच मिळेल. तिसऱ्याला काही आठवत नाही.

तारीख ८ मे १९७६. वार शनिवार. अमावस्या नव्हती, पौर्णिमा नव्हती. रात्रही नव्हती.

भर दुपार होती.

मी अनंत, मूळचा वाईचा. तेव्हा सांगलीत चित्रकला शिक्षकाचा कोर्स करत होतो. वय वीस. खोलीवर आम्ही चौघे राहायचो. शरच्चंद्र सांगलीच्याच शेजारच्या गावचा, आमच्यात सगळ्यात चांगला हात त्याचा. लालासाहेब साताऱ्याचा, वडील फौजेत सुभेदार. हा सतत शीळ वाजवायचा, गप्प बसणं त्याला माहीतच नव्हतं. आणि चौथा कृष्णात. त्याचं गाव आटपाडीच्या पुढं आठेक मैलांवर. गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथं माणसं राहतात.

जूनमध्ये वास्तूंची रेखाटनं जमा करायची होती. सांगलीतले घाट आणि देवळं सगळ्यांनी काढून काढून गुळगुळीत केलेली.

कृष्णात म्हणाला, "आमच्या माळावर येक पडकं देऊळ हाय. लय जुनं. मास्तरनी जन्मात बघितलं नसंल. चला, आईच्या हातची भाकरी बी खाऊ."

शुक्रवारी एसटीनं गेलो. शनिवारी सकाळी नऊला त्याच्या घरून निघालो. त्याच्या आईनं, मनुबाईंनी, भाकऱ्या आणि खरडा बांधून दिला. फिरकीच्या तांब्यात पाणी. वर आणखी एक कळशी.

"पानी पीत ऱ्हावा रं. माळाला फारशी झाडं न्हाईत," एवढंच त्या म्हणाल्या.

जाऊ नका, असं कुणीही म्हणालं नाही. हे मुद्दाम सांगतो. त्या देवळाबद्दल गावात कसलीच गोष्ट नव्हती. भुताखेताची तर नाहीच. गुरं वळणारी पोरं तिथं खेळायची. कृष्णातही तिथंच खेळून मोठा झालेला.

अकराला पोचलो.

देऊळ म्हणजे काय उरलं होतं? गाभारा उभा, पण आत देव नाही. पुढं मंडप. त्याचं छत कधीच कोसळलेलं, भिंती पडलेल्या. सोळा खांब तेवढे ताठ उभे. आणि त्यांच्या मधोमध जमिनीपासून वीतभर उंच, गोल, गुळगुळीत दगड. जुन्या देवळांच्या मंडपात असा दगड असतो. त्याला रंगशिळा म्हणतात.

कृष्णातनं पायरीशी वहाणा काढल्या. लालासाहेब हसला. "आत देव नाही नि बीव नाही, वहाणा कसल्या काढतोस?"

"देव नसंना. देऊळ तर हाय."

आम्हीही काढल्या. सगळ्यांच्या वहाणा पायरीशी ओळीनं राहिल्या.

चौघांनी चार बाजू वाटून घेतल्या. मंडप चहूबाजूंनी उघडाच होता. मी पूर्वेला एका लिंबाखाली बसलो. शरच्चंद्र समोर पश्चिमेला, गाभाऱ्याच्या दारात. कृष्णात उत्तरेला पडक्या ओवरीत. लालासाहेब दक्षिणेला, कललेल्या एका मोठ्या दगडाच्या आडोशाला. प्रत्येक जण सावलीत होता. रंगशिळा मधे. प्रत्येकापासून तीस-चाळीस पावलांवर.

हे अंतर लक्षात ठेवा.

मी वही उघडली. खांब काढायला लागलो. ऊन असं की दगडावर नजर ठरत नव्हती. कुठंतरी होले घुमत होते. लालासाहेबाची शीळ चालू होती.

त्या दिवसांत आमच्याकडं सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. साडेबाराच्या सुमाराला उभ्या वस्तूची सावली पडतच नाही. मी खांबांच्या सावल्या काढत होतो आणि त्या आखडत चालल्या होत्या. हातभर... वीतभर... बोटभर...

मग गेल्याच.

मी मान वर केली.

रंगशिळेवर एक बाई बसली होती.

मी दचकलो नाही. खरंच नाही. उलट बरं वाटलं. आमचे सर नेहमी सांगायचे की मोठी वास्तू काढताना त्यात एखादं माणूस टाकावं, म्हणजे उंचीचा अंदाज येतो. मला वाटलं, सरपणाला आलेली गावातली कुणीतरी असेल, दमून टेकली असेल.

नऊवारी लुगडं. डोक्यावर पदर. दोन्ही हात गुडघ्यांवर. तोंड माझ्याकडे. ऊन वरून सरळ पडत होतं, त्यामुळं कपाळाखाली काळोख होता. डोळे दिसत नव्हते.

एकदाच मनात आलं... एवढ्या तापल्या दगडावर ही बसली कशी?

पण ती इतकी स्थिर होती! वर्गात पैसे देऊन आणलेलं मॉडेलसुद्धा दर दोन मिनिटांनी हलतं. ही पदराचं टोकही हलू देत नव्हती.

मी काढायला लागलो.

थोड्या वेळानं जाणवलं, होले गप्प झालेत.

मग जाणवलं, शीळ थांबलीय.

वारा नाही. माशीसुद्धा नाही.

एकच आवाज येत होता. कागदावर पेन्सिल फिरल्याचा. आधी वाटलं, माझीच पेन्सिल. मी हात थांबवला...

आवाज थांबला.

पुन्हा रेघ ओढली. पुन्हा आवाज. पण एका पेन्सिलीचा नव्हे. चार पेन्सिलींचा. चौघं एकाच क्षणी एकाच लांबीची रेघ ओढत होते.

आणि आवाज चाळीस पावलांवरून येत नव्हता. अगदी शेजारून येत होता.

मला घाबरायला हवं होतं. मी घाबरलो नाही. फक्त वाटत राहिलं की चित्र फार छान उतरतंय, आता थांबायचं नाही.

मग काड्कन आवाज झाला.

माझ्या कानाजवळच्या खांबावर दगड आदळला. कपच्या गालाला लागल्या. दूरवरून कुणीतरी ओरडत होतं, "आरं ये! आरं ये पोरांनो! मराय लागलाय काय रं!"

मी डोळे मिटले, उघडले.

मी लिंबाखाली नव्हतो.

मी मंडपात होतो. उन्हात उभा. रंगशिळा माझ्यापासून हातभर अंतरावर. उजव्या हाताला कृष्णात. डाव्या हाताला लालासाहेब, त्याच्या तोंडाला फेस. तिघांच्याही हातांत वह्या.

शरच्चंद्र समोर होता. त्याचा एक गुडघा शिळेवर टेकलेला. नखाएवढी उरलेली पेन्सिल अजून कागदावर चालत होती.

शिळेवर कुणी नव्हतं.

तेवढ्यात तळपायांतून आग उठली. दगड तव्यासारखा तापला होता आणि आम्ही अनवाणी होतो. किती वेळ उभे होतो, कुणास ठाऊक. तळवे फोडांनी भरले होते. मानेवरची कातडी भाजून सोलली होती.

सावलीत बसलेल्या माणसाची मान भाजत नाही.

मी घड्याळ बघितलं. तीन वाजून वीस मिनिटं. माझ्या हिशेबानं एक वाजायला हवा होता.

ओरडणारा माणूस गोफण हातात घेऊन पळत आला. बिराप्पा नावाचे म्हातारे धनगर. समोरच्या टेकाडावर हिवराच्या झाडाखाली मेंढरं बसवून होते. त्यांनी आधी शरच्चंद्राला काखेत हात घालून मागं ओढलं. मग आम्हाला लिंबाखाली नेलं.

तांब्या आणि कळशी तिथंच होती. दोन्ही काठोकाठ भरलेली. मे महिन्याच्या दुपारी चार-साडेचार तासांत आमच्यापैकी कुणी घोटभर पाणी प्यालं नव्हतं.

"काय चाललं व्हतं रं तुमचं?" बिराप्पा कृष्णातला म्हणाले. ते त्याला ओळखत होते. "लय येळ बघतोय मी. चौघं चार बाजूंनी. मान खाली. हातात त्या वह्या. येक पाऊल टाकायचं, थांबायचं. फिरून येक पाऊल. समदी संगट. म्या म्हनलं, पोरांचा खेळ हाय कायतरी. तीन हाका मारल्या. येकानं बी मान वर केली न्हाई."

मी विचारलं, "आणि ती बाई कुठं गेली?"

"कंची बाई?"

"त्या गोल दगडावर बसलेली."

बिराप्पांनी आमच्याकडे बघितलं. मग मंडपाकडं बघितलं.

"दगडावर कुनी न्हवतं, बाळा. मला तिथनं समदं सपष्ट दिसतंय."

कृष्णात हळूच म्हणाला, "नव्वारीतली व्हती. पदर घेतलेली."

लालासाहेबानं मान हलवली. त्यानंही बघितली होती.

शरच्चंद्र स्वतःच्या बोटांकडं बघत होता.

गावात यायला संध्याकाळ झाली. बिराप्पांनी शरच्चंद्राला पाठुंगळी घेतलं होतं. गावात आलेल्या डॉक्टरांनी त्याला तपासलं, इंजेक्शन दिलं. म्हणाले, ऊन लागलंय. उन्हात भास होतात, भ्रम होतो.

आम्हालाही ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं.

मग लालासाहेब म्हणाला, "वह्या बघू."

दिवेलागणीच्या आधी सोप्यात चार वह्या शेजारी शेजारी मांडल्या. मनुबाई शरच्चंद्राच्या तळव्यांना लोणी लावत बसल्या होत्या.

पहिलं पान सगळ्यांचं ठीक होतं. देऊळ, खांब, आणि मधे छोटीशी बाई.

दुसरं पान. मला दुसरं पान काढल्याचं आठवत नव्हतं. कुणालाच आठवत नव्हतं. त्यात खांब चारच उरले होते आणि बाई मोठी झाली होती.

तिसऱ्या पानावर ती कमरेपर्यंत.

चौथ्या पानावर नुसता चेहरा. चौघांच्या वह्यांत तोच चेहरा. रुंद कपाळ, जाड ओठ, हनुवटीवर गोंदण. डोळ्यांच्या जागी कोरा कागद.

लालासाहेब जरा हसला. "बघा, भ्रम असता तर चौघांना चार बायका दिसल्या असत्या. असंल कुणीतरी खरीच..."

तो मधेच थांबला.

त्याचं बोट पहिल्या पानावर होतं. माझ्या वहीवरून ते कृष्णातच्या वहीवर गेलं. तिथून शरच्चंद्राच्या.

"अंत्या," तो म्हणाला, "तू कुठं बसला होतास?"

"पूर्वेला."

"शऱ्या तुझ्या समोर. पश्चिमेला. बरोबर?"

"हां."

"मग तुला जर तिचं तोंड दिसलं... तर शऱ्याला तिची पाठ दिसायला पाहिजे होती."

मी चारी वह्या जवळ ओढल्या.

आम्ही पुन्हा बघितलं. पूर्वेकडून तोंड. पश्चिमेकडून तोंड. उत्तरेकडून, दक्षिणेकडून तोंड. एकाच्याही कागदावर तिची पाठ नव्हती. बाजूसुद्धा नव्हती.

ती एकाच वेळी चौघांकडे बघत बसली होती.

शरच्चंद्राच्या वहीत पाचवं पानही होतं. त्याच्याच. तोच चेहरा, पण त्यात एक डोळा काढलेला. उजवा. इतका जिवंत डोळा मी आजवर कुठल्या चित्रात बघितलेला नाही. डाव्या डोळ्याची फक्त वरची पापणी होती. तिथंच पेन्सिल घसरून कागदाबाहेर गेली होती. दगड तेव्हाच आदळला असणार.

शरच्चंद्र पडल्या पडल्या म्हणाला, "एक राहिलाय माझा."

मनुबाई उठल्या. काही विचारलं नाही. चारी वह्या गोळा केल्या आणि चुलीकडं गेल्या.

"मावशी, कॉलेजात जमा करायच्यात," मी म्हणालो.

"दुसऱ्या काडा," त्या म्हणाल्या आणि पहिली वही आत सारली.

रात्री शरच्चंद्राला ताप होता, बाकी काही घडलं नाही. सकाळी ताप उतरला. दुपारी तीनच्या एसटीनं त्याला सांगलीला न्यायचं ठरलं. तो चहा प्याला, भाकरी खाल्ली, लालासाहेबाशी नीट बोलला.

साडेबाराला उठला आणि दाराकडं चालायला लागला.

"शऱ्या, कुठं?"

कृष्णात त्याच्या वाटेत आडवा आला. शरच्चंद्रानं त्याला ढकललं नाही, मारलं नाही. तो फक्त चालत राहिला आणि कृष्णात, नांगर धरणारा गडी, मागं मागं सरकत गेला. लालासाहेबानं हात धरले. मी मागून कमरेला मिठी मारली. मनुबाईंनी दाराला कडी घातली.

दाराशी तो थांबला. गुडघ्यांवर बसला. आणि एक हात सोडवून शेणानं सारवलेल्या भुईवर नखानं रेघा ओढू लागला.

तोच आवाज. खर्र... खर्र... खर्र...

मी पाठीमागं होतो. मला त्याच्या खांद्यांवरून भुई दिसत नव्हती. त्याचं अंग थंडगार पडलं होतं. बाहेर गाव गप्प झालं होतं. कोंबडं नाही, कुत्रं नाही, पोरांचा आवाज नाही.

मला कळत होतं, हे पुरं झालं की काहीतरी होणार. माझ्या मिठीतल्या मित्राचं काहीतरी होणार. मी रडत होतो. "शऱ्या, नको काढूस... शऱ्या..."

तो थांबला.

"झालं," म्हणाला.

मनुबाई त्याच्या समोर उभ्या होत्या. त्यांनी खाली बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी बघितलं. मग "कुनी खाली बगू नगा रं!" म्हणत त्या धावत मागल्या दारी गेल्या, ओंजळ भरून शेण आणलं आणि कुणी बघायच्या आत ते भुईवर थापलं. हातानं रगडून सारवलं. तीन वेळा.

बाहेर कुत्रं भुंकलं.

शरच्चंद्र आमच्याकडं बघून म्हणाला, "अरे, सोडा ना. एसटी किती वाजता आहे?"

त्याला काहीच आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. त्यानं कोर्स सोडला, सरकारी नोकरीत कारकून झाला. बायको चारुशीला, दोन मुलं. भेटला की हसतो. "तुम्ही मला उन्हात फिरवलंत आणि भुताच्या गोष्टी रचल्यात."

लालासाहेब फौजेत भरती झाला. तो या विषयावर कधी बोलला नाही. आठ वर्षांपूर्वी तो गेला. आजारानं, घरच्या माणसांत. त्याचा या गोष्टीशी संबंध जोडू नका.

सोप्यातल्या त्या जागेवर मनुबाईंनी दुसऱ्याच दिवशी धान्याची कणगी आणून ठेवली. सोप्याच्या दारात कणगी कुणी ठेवत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला अडचण. पण त्यांनी ती हलू दिली नाही. त्या गेल्यावर कृष्णातनं घराला फरशी घातली, ती कणगीच्या भोवतीनं घातली.

कृष्णातच्या लग्नात मी मनुबाईंना बाजूला घेऊन विचारलं होतं. "मावशी, त्यानं दुसरा डोळाच काढला होता ना?"

आजूबाजूला कुणी नाही ना, ते त्यांनी आधी बघितलं.

"डोळा न्हाई काडला रं."

"मग?"

"बाईची पाठ काडली व्हती. उठून चाललेली."

"म्हणजे ती गेली. सुटलो आपण."

मनुबाईंनी माझ्याकडं बघितलं. "निघाली व्हती येवडं खरं. कुनाकडं निघाली, त्ये कसं कळावं?"

मी तेव्हा त्यांना एक गोष्ट सांगायला हवी होती. सांगितली नाही. आजवर कुणालाच सांगितली नाही.

त्या संध्याकाळी वह्या चुलीत जायच्या आधी मी माझ्या वहीतलं चौथं पान फाडून सदऱ्यात घातलं होतं.

का? भुताखेतासाठी नव्हे. तो चेहरा माझ्या हातून उतरला होता म्हणून. तेहतीस वर्षं मी चित्रकला शिकवली. हजारो चित्रं काढली. इतकं चांगलं एकही नाही. मला माहीत आहे.

ते पान माझ्याकडं आहे. दोनदा जाळायला काढलं. काडी ओढली, विझेपर्यंत धरून बसलो.

गेल्या मे महिन्यात नात सुट्टीला आली होती. तिला चित्रकलेचं वेड. जुने कागद चाळताना तिला ते सापडलं. दुपारची वेळ होती. मी पडलो होतो.

"आजोबा, कसलं भारी काढलंय! कोण आहे ही?" तिनं विचारलं. "आणि डोळे का नाही काढलेत? मी काढू?"

तिच्या हातात पेन्सिल होती.

मी पान हिसकावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. ती रडत आईकडं गेली. सून अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

आता ते पान लोखंडी कपाटात आहे. कुलूप लावलेलं.

नात आता सुट्टीला येत नाही. घरात मी आणि बायको, दोघंच. दुपारी बायको झोपते. साडेबाराच्या सुमाराला रस्त्यावरची वर्दळ कमी होते, मग पाखरं गप्प होतात...

आणि कपाटाची किल्ली माझ्याजवळच असते.